तीन वर्षं पश्चिम बंद

ओसाका, ६ नोव्हेंबर १९८२

इनबोंग भावजी,

पाकीट उलटंपालटं करत बसू नका. मी ओकसेंग, तुमच्या चुलत सोकहोदादाची बायको. अकरा वर्षांपूर्वी तुमची आई गेल्याचं कळलं तेव्हा मी शेवटचं पत्र पाठवलं होतं. तेही शेजारणीकडून लिहून घेतलेलं. हे अक्षर मात्र माझं आहे. इथल्या चर्चमध्ये आम्हा चेजू बेटावरच्या बायकांना आठवड्यातून दोनदा लिहायला शिकवतात. पंचावन्नाव्या वर्षी मुळाक्षरं गिरवली. हसायचं असेल तर हसून घ्या, मग पुढचं वाचा.

मी सव्वीस वर्षं सपाता चिकटवायच्या कारखान्यात होते. कारखाना म्हणजे एका घराचं पुढचं दालान, सात बायका आणि डिंकाची बादली. मालकाने उन्हाळ्यात तो बंद केला. डिंकाच्या वासाने माझं नाक केव्हाच मेलंय, आणि उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. लोणच्याच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे राहते. मुन्सू नागोयाला असतो. त्याची बायको जपानी, मुलं जपानी, त्याचं नावही आता जपानी. नवीन वर्षाला फोन करतो. वाईट नाही हो पोरगा. फक्त लांब आहे.

गेल्या महिन्यात सार्वजनिक न्हाणीघरात मला चक्कर आली. शुद्धीवर आले तर एक अनोळखी बाई माझ्या अंगावर पंचा घालून विचारत होती, "आजी, कुणाला कळवायचं?" भावजी, मला नाव सुचेना. तिने तीनदा विचारलं. शेवटी मी लोणचेवालीचं नाव सांगितलं.

तेव्हा ठरवलं, गावी यायचं. कायमचं. माझ्याकडे कागद नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. मुन्सूला पाठीशी बांधून मी चोरट्या होडीने आले होते. इथून एकदा निघाले की परत फिरणं नाही. म्हणून दिवस चुकायला नको. तुम्ही साऱ्या बेटाला मुहूर्त काढून देता, कुणाच्या लग्नाचा, कुणाच्या घराचा, कुणाच्या थडग्याचा. मला एक द्या. माझं जन्मसाल उंदराचं, महिना सहावा, तारीख नऊ.

घराच्या भिंती उभ्या आहेत ना? जानेवारीअखेर जुने देव वर जातात आणि नवे यायचे असतात, त्या आठवड्यात छप्पर घातलं तर कुणाची नजर लागत नाही, असं आई म्हणायची. तेवढं जमेल का कळवा.

ओकसेंग

---

नोरुमुल, चेजू, २१ नोव्हेंबर १९८२

ओकसेंग वहिनींना इनबोंगचा नमस्कार.

पत्र मिळाले. अक्षर चांगले आहे. ओळी वर चढतात, पण माझ्याही चढतात.

तुमचे जन्मसाल घेऊन पाहिले. सांगायला बरे वाटत नाही, पण सांगणे हा माझा धंदा. येत्या चांद्र नववर्षापासून डुकराचे वर्ष लागते. डुक्कर, उंदीर आणि बैल या तिन्ही वर्षांत दिशा अडवणारा देव, महासेनापती, पश्चिमेला ठाण मांडून असतो. त्याच्या तोंडासमोरून घर हलवणाऱ्याचे भले होत नाही. तुम्ही ओसाकाहून येणार म्हणजे पश्चिमेलाच येणार. तेव्हा तीन वर्षे थांबावे. शहाऐंशी साली वाघाचे वर्ष लागेल, पश्चिम मोकळी होईल. त्या वसंतात मी स्वतः दिवस काढून देईन.

घराच्या भिंती उभ्या आहेत. बाकी कळवण्यासारखे काही नाही.

माझे बरे चालले आहे. एकटाच असतो. जवाचा भात, मुळ्याचे लोणचे, कधी शेजारून कुणी मासा दिला तर मासा. मुहूर्त विचारायला येणारे कमी झाले. परवा एक जोडपे आले. मी पुस्तक उघडले, मुलामुलीची वर्षे मांडली आणि मोठ्या कष्टाने गुरुवारचा दिवस काढला. मुलगी म्हणाली, "आजोबा, रविवार नाही का जमणार? सगळ्यांना सुट्टी असते." हल्ली रविवार हाच मुहूर्त. महासेनापतीलाही बहुधा रविवारी सुट्टी असावी.

बोटांना गरम मिठाच्या पाण्याने शेक द्यावा. प्रकृतीला जपावे.

इनबोंग

---

ओसाका, ८ डिसेंबर १९८२

भावजी,

तुमच्या महासेनापतीला माझा दंडवत सांगा आणि विचारा, म्हाताऱ्या बाईची वाट अडवताना त्याला लाज वाटत नाही का? तीन वर्षांनी मी बासष्टची होईन. न्हाणीघरातल्या बाईने तोवर काय करायचं, पंचा घेऊन बसून राहायचं?

मी गप्प बसणारी नाही हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या बाजारात कोरियन गल्लीच्या तोंडाशी एक बाई बसते, अर्धी आंधळी, भविष्य सांगते. तिच्याकडे गेले. तुमच्यासारखं पुस्तकबिस्तक तिच्याजवळ नाही, बोटांवर मोजते. मोजलं आणि म्हणाली, "पश्चिम बंद होणार ते खरं, पण नवीन वर्षापासून. आज कुठे बंद आहे? तेरा फेब्रुवारीच्या आत जा की. आणि देव वर गेलेले असतात त्या आठवड्यात गेलीस तर कुणाला पत्ताही लागणार नाही." मग माझ्याकडे तोंड करून विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं नाही?"

भावजी, जी गोष्ट गल्लीतल्या आंधळ्या बाईला बोटांवर कळते, ती तुम्हाला पुस्तकात दिसली नाही?

दोन दिवस विचार केला. माझ्या डोक्यात काय आलं ते सरळ लिहिते. घर विकलंत का? विकलं असेल तर विकलं, एकतीस वर्षं मी ढुंकून पाहिलं नाही, मला बोलायचा हक्क नाही. की तिथे कुणी बाईमाणूस आणून ठेवलंय? ठेवलं असेल तर मला आनंदच आहे. लग्न करा म्हणून तुमच्या आईने किती डोकं फोडलं होतं! मी परसातल्या खोलीत राहीन, तिच्या चुलीला हात लावणार नाही.

की मी यायला नकोय? तेही लिहा. पण महासेनापतीच्या आडून लिहू नका.

ओकसेंग

---

नोरुमुल, २३ डिसेंबर १९८२

वहिनी,

घर विकलेले नाही. तिथे कुणी बाई नाही. छप्पर दर दोन वर्षांनी मी नव्या गवताने शाकारतो आणि वाऱ्यासाठी दोऱ्यांची जाळी बांधतो. चूल आहे. अंगणातल्या भिंतीचे दगड एकोणसाठच्या वादळात पडले होते, ते पुन्हा रचले. घरात कुणी राहिलेले नाही, इतकेच.

आंधळी बाई बरोबर आहे. मला माहीत होते.

तुमचे पाकीट नीट चिकटलेले नव्हते. जपानहून आलेले पत्र इथे माझ्याआधी आणखी कुणीतरी वाचत असेल. अठ्ठेचाळीसच्या त्या हिवाळ्याबद्दल बेटावर अजून कुणी मोठ्याने बोलत नाही. बापाच्या श्राद्धाला मुलेसुद्धा मान खाली घालून जेवतात. तरी लिहितो. मी छप्पन वर्षांचा आहे. वाचणाऱ्याने वाचावे.

डोंगरावरच्या गावांनी खाली समुद्रकाठी उतरावे, मुदतीनंतर वर सापडेल तो शत्रू, असा लष्कराचा हुकूम आला होता. तुम्ही तेव्हा बाळंतपणाला खाली माहेरी होतात. मुदत संपायला चार दिवस होते. सकाळी सोकहोदादा आमच्याकडे आला. बाबा आतल्या खोलीत तापाने पडले होते. दादा म्हणाला, "घरात तान्हं आहे. सासूबाईंचा निरोप आलाय, दिवस पाहिल्याशिवाय उंबऱ्यात पाय ठेवू नको म्हणून. काकांना विचार."

मी काकांना विचारले नाही. मी बावीस वर्षांचा होतो, नुकताच पुस्तक वाचायला शिकलो होतो. स्वतःच उघडले. समुद्र गावाच्या उत्तरेला. दादाच्या जन्मसालाला त्या दिवशी उत्तर बंद, दुसऱ्या दिवशीही बंद. मी बोट ठेवून सांगितले, "परवा सकाळी निघ." साठ वर्षांच्या माणसासारखे सांगितले, वहिनी. तो हसला. "बरं झालं, तोवर राळे झोडून होतील," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी बाबांनी आतून विचारले, "सकाळी कोण आलं होतं?" मी सगळे सांगितले. मला वाटले, शाबासकी देतील. ते कसेबसे उठून बसले आणि म्हणाले, "गाढवा, उत्तर बंद होती तर पूर्वेच्या टेकडीला वळसा घालून जा म्हणायचं. संकटातल्या माणसाला दिवस देत नाहीत, वाट देतात. जा, आत्ता जाऊन सांग त्याला."

आमच्या दारापासून दादाचे दार चाळीस पावलांवर. वारा सुटला होता. चूक कबूल करायची लाज वाटत होती. सकाळी सांगू म्हटले. पहाटे बाबांचा ताप वाढला, म्हणून उजाडायच्या आत आधी पलीकडच्या गावी औषधाला गेलो. परत येताना टेकडीवरून धूर दिसला. मुदतीला अजून तीन दिवस होते. सैनिकांनी मुदत पाहिली नाही.

दादा खळ्यात सापडला. बाबा घरात.

लोक तुम्हाला म्हणाले, तो धान्याच्या लोभाने मागे राहिला. मी तिथेच उभा होतो आणि ऐकत होतो. तुम्ही इथे याल, रोज सकाळी अंगणात दिसाल, मला भावजी म्हणाल, हे मला झेपणार नव्हते. म्हणून महासेनापतीला पुढे केले.

बारा फेब्रुवारीपर्यंत पश्चिम मोकळी आहे. आता यावे की नाही, ते तुमच्याकडे.

इनबोंग

---

नोरुमुल, २ फेब्रुवारी १९८३

वहिनी,

तुमचे उत्तर आले नाही. येईल अशी अपेक्षाही नाही. हे पत्र त्यासाठी लिहीत नाही.

नवे देव आज खाली उतरले. गेला आठवडाभर बेटावर नुसती धांदल होती. वर्षभर कुणी खिळा ठोकायला धजत नाही ते सगळे या आठ दिवसांत उरकतात. टेम्पोवर कपाटे, कपाटावर म्हातारी, म्हातारीच्या मांडीवर कोंबडी, असे रस्ते भरून वाहत होते. माझ्याकडे विचारायला कुणी आले नाही, कारण या आठवड्यात मुहूर्त लागत नाही. मला सुट्टी. म्हणून तुमच्या घराचे काम काढले.

चुलीचा एक दगड तडकला होता, तो बदलला. खोलीतल्या जमिनीचा कागद उंदरांनी खाल्ला होता. बाजारातून नवा आणला, खळ लावून बसवला आणि तेल दिले. खिडकीचे कागदही नवे. दक्षिणेकडच्या भिंतीला संत्र्याची दोन झाडे लावली. फळ धरायला तीन-चार वर्षे लागतील. मागचा शौचकूप पाडून नवा बांधला. त्या जागेची देवी फार कोपिष्ट, पण तीही वर गेलेली असल्यामुळे भांडण झाले नाही.

शेवटच्या दिवशी शेगडीत निखारे घेतले, तांदळाचे मडके उचलले आणि दोन्ही तुमच्या घरात नेऊन ठेवले. नव्या घरात आधी हेच न्यायचे असते. नंतर लक्षात आले, राहायला जाणारे कुणीच नाही. शेगडी विझेपर्यंत तिथे बसलो. बरीच ऊब होती. मग मडके घेऊन परत आलो, कारण घरात तेवढाच तांदूळ होता.

तुम्ही रागावला असाल ते योग्यच आहे. तुमच्या अक्षरात चार ओळींच्या शिव्या आल्या तरी मी जपून ठेवीन.

इनबोंग

---

ओसाका, २० फेब्रुवारी १९८३

भावजी,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं नाताळानंतर चार दिवसांनी मिळालं. वाचायला मला पूर्ण दिवस लागला. थोडं अक्षरांमुळे, थोडं दुसऱ्या कारणाने.

मी रागावलेली नाही. त्याबद्दल आणखी काही लिहायला सांगू नका. जमणार नाही.

तुम्ही बारा फेब्रुवारीपर्यंत या म्हणालात, ती तारीख इथे बसूनच गेली. आता पश्चिम बंद. पण मी एक काम केलं. चर्चच्या बाईंना बरोबर घेऊन सरकारी कचेरीत गेले आणि सांगितलं, मी एकतीस वर्षं बिनकागदाची राहतेय, मला घरी पाठवा. समोरचा कारकून मुन्सूच्या वयाचा होता. त्याने विचारलं, "इतकी वर्षं सापडला नाहीत, मग आता का सांगताय?" मी म्हटलं, "कुणी शोधलंच नाही." त्याने स्वतः उठून मला चहा आणून दिला. मार्चअखेर कागद हातात येतील म्हणतात.

मुन्सूला फोन केला. "आई, तिकडे तुझं कोण आहे?" म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या बापाच्या घराला छप्पर आहे." मग तो म्हणाला, "मी स्टेशनवर येतो पोचवायला." बघू.

आता तुम्ही मला दिवस देऊ नका. मला वाट द्या. तुमचे बाबा म्हणाले तशी. पश्चिम बंद असताना ओसाकाची बाई चेजूला कशी पोचेल, ते पुस्तकात बघा. आणि या वेळेला आतल्या खोलीत विचारायला कुणी नाही, तेव्हा नीट बघा.

तांदूळ परत नेलात ते बरं केलंत. उपाशी राहिलेला माणूस छप्पर शाकारत नाही.

ओकसेंग

---

नोरुमुल, ६ मार्च १९८३

वहिनी,

वाट आहे. पहिल्या दिवसापासून होती, मी सांगितली नव्हती.

ओसाकाहून आगगाडीने शिमोनोसेकीला जावे. तिथून बोटीने पुसानला उतरावे. निघताना "घरी चालले" असे म्हणू नये. "पुसानला चालले" म्हणावे, लोणचेवालीलासुद्धा. पुसानमध्ये तीन रात्री मुक्काम करावा. रोज तिथलेच पाणी प्यावे, तिथलेच शिजवलेले अन्न खावे. तीन रात्रींनी माणूस त्या गावचा धरला जातो. चौथ्या दिवशी चेजूच्या बोटीत बसावे. मग तुम्ही ओसाकाहून पश्चिमेला येणाऱ्या राहत नाही, पुसानहून दक्षिणेला येणाऱ्या होता. दक्षिण या वर्षी मोकळी आहे.

बरोबर जुनी केरसुणी आणू नये. सपाता चिकटवायचा डिंकही नको.

पुसानला उतरल्याबरोबर टपाल कचेरीतून तार करावी. तारेच्या तारखेवरून मी चौथा दिवस मोजीन आणि पाचव्या दिवशी पहाटे धक्क्यावर येईन. बोट संध्याकाळी सुटते, पहाटे लागते. मला ओळखणार नाही. डोके पांढरे झाले आहे आणि पुढचे दात नाहीत. मी काळी टोपी घालीन.

वहिनी, तुम्ही रागावलेल्या नाही असे लिहिलेत. मी ते पत्र पुष्कळदा वाचले. विश्वास ठेवायला अजून शिकतो आहे.

इनबोंग

---

पुसान, ९ एप्रिल १९८३

भावजी,

बंदरामागच्या खाणावळीत बसून लिहितेय. इथे येऊन दोन रात्री झाल्या. तार मिळाली असेल. आज तिसरा दिवस.

मुन्सू स्टेशनवर आला होता. नागोयाहून मुद्दाम. तीन तास उभा होता म्हणे, गाडी चुकू नये म्हणून. माझी गाठोडी उचलून आत ठेवली आणि खाली उतरून खिडकीखाली उभा राहिला. गाडी हलली तेव्हा त्याने आपल्या भाषेत आई म्हणून हाक मारली, "ओमनी!" लहानपणी मारायचा तशी. शेजारी बसलेला जपानी माणूस वळून बघायला लागला. मी हात बाहेर काढेपर्यंत फलाट मागे गेला होता.

इथे माझं कुणाला कळत नाही. मी बोलते ती आपल्या बेटाची बोली, तीही तीस वर्षांपूर्वीची. खाणावळवाली म्हणाली, "बाई, तुम्ही जपानी का?" ओसाकात सगळे मला कोरियन म्हणायचे. दोन दिवस मी तिचं पाणी पितेय, तिचं डुकराचं सूप खातेय, पण पुसानची काही झाले नाही. खोलीत एकटीच बसते आणि खालून भांड्यांचा आवाज ऐकते.

भावजी, मी एक गोष्ट लपवली. आता लिहिते, कारण तुमच्यासमोर तोंडाने सांगता येणार नाही.

तो निरोप माझ्या आईचा नव्हता. माझा होता.

मुन्सू नऊ दिवसांचा होता. दाराला गवताची दोरी बांधलेली, बाहेरचं कुणी आत यायचं नाही. त्याच्या आधीचं बाळ आमचं बाराव्या दिवशी गेलं होतं, तुम्हाला आठवत असेल. मी घाबरले होते. वर जाणाऱ्या कोळशेवाल्याला मी आतूनच ओरडून सांगितलं, "त्यांना म्हणावं, इनबोंगच्या घरी दिवस विचारून मगच या. उगाच आलात तर मी आत घेणार नाही." असं म्हटलं मी. आत घेणार नाही. तो त्याच संध्याकाळी उतरायला निघाला होता, गाठोडं बांधून. कोळशेवाल्याने नंतर मला सांगितलं. बायकोच्या शब्दासाठी थांबलो म्हणायला त्याला संकोच वाटला असेल, म्हणून तुम्हाला सासूचं नाव सांगितलं.

तुम्ही चाळीस पावलं गेला नाहीत. पण तुमच्या दारात त्याला मी पाठवला.

याहून वाईट पुढे आहे, तेही वाचा. तुमचं डिसेंबरचं पत्र वाचलं तेव्हा मला आधी काय वाटलं असेल? मला हलकं वाटलं. बरं झालं, चूक दुसऱ्याची निघाली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी रात्रभर शांत झोपले. दोन महिने तुम्हाला उत्तर दिलं नाही ते दुःखाने नाही. त्या हलकेपणात राहायचं होतं मला. तिकडे तुम्ही माझ्या घरात विझत्या शेगडीजवळ बसला होतात आणि इकडे मी तुमच्या जिवावर झोपत होते. ते दुसरं पत्र आलं, तुम्ही तांदूळ परत नेल्याचं लिहिलेलं, त्यानंतर मला झोप येईनाशी झाली. तरी मी लिहिलं, मी रागावलेली नाही. जशी काही मोठं मन करून माफ करणारी मीच.

आता तुम्ही माझ्यावर रागावा. किंवा नका रागावू. पण हे ठाऊक नसताना माझ्यासाठी टोपी घालून धक्क्यावर उभे राहू नका.

हे सगळं पाठवायचं की फाडायचं, याचा विचार करत सकाळपासून बसले होते. फाडलं असतं तर कुणाला कळलं नसतं. कोळशेवाला मेला, आई मेली. तेवढ्यात खाणावळवाली वर आली. हातवारे करून तिने समजावलं की उद्यापासून मोठा वारा आहे, चेजूची बोट चार दिवस, कदाचित आठवडाभर सुटणार नाही. आज संध्याकाळची शेवटची.

तुमच्या हिशेबाने माझी एक रात्र बाकी आहे. आज निघाले तर मी पुसानची धरली जाणार नाही, ओसाकाचीच राहीन आणि तुमच्या महासेनापतीच्या नाकासमोरून जाईन. मी अर्धा तास गाठोड्यावर बसून राहिले. मग खाली जाऊन तिकीट काढलं. दिवस बघायला एकदा थांबवलं कुणाला तरी. पुरे.

पुन्हा तार करत नाही. बोटीला दीड तास आहे, टपाल कचेरी बंदराच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि माझे गुडघे तुम्ही पाहिलेले नाहीत. म्हणजे उद्या पहाटे धक्क्यावर कुणी नसेल. मी काळी टोपी शोधणार नाही. नोरुमुलला जाणारी बस कुठे मिळते ते विचारीन. तिथे तरी माझी बोली कुणाला कळेल.

हे पत्र पेटीत टाकत नाही, बरोबर आणतेय. तुम्ही वाचून होईपर्यंत मी अंगणातच थांबेन, ओट्यावर चढणार नाही. मग आत बोलवायचं की नाही, ते तुमच्याकडे.

उद्या सकाळी कुणी म्हातारी बाहेरून तुमच्या नावाने हाक मारेल. पुस्तक उघडू नका. बाहेर या.

ओकसेंग